सहा, तीन आणि मंजूर नऊ

परीक्षा मंडळाच्या विज्ञानाच्या पेपरातला चौथा प्रश्न अगदी बरोबर होता, हे सुरुवातीलाच नमूद केलेले बरे. कारण पुढे जे काही झाले त्यात प्रश्नाचा काडीचाही दोष नव्हता. प्रश्न असा होता : सहा ओहमचा एक रोध आणि तीन ओहमचा दुसरा, असे दोन रोध समांतर जोडणीत बारा व्होल्टच्या बॅटरीला लावले आहेत, तर एकूण रोध किती आणि बॅटरीतून निघणारी विद्युतधारा किती?

ज्यांची शाळा सुटून बरीच वर्षे झाली त्यांच्या सोयीसाठी थोडा खुलासा. एकसर जोडणीत रोध एकामागे एक उभे असतात. विजेला एकाच वाटेने दोघांच्याही तावडीतून जावे लागते, म्हणून तिथे रोधांची बेरीज होते. समांतर जोडणीत प्रत्येक रोधाची वाट वेगळी असते. वाटा वाढल्या की विजेचे फावते, आणि एकूण रोध सर्वांत धाकट्या रोधापेक्षाही कमी भरतो. एक षष्ठांश अधिक एक तृतीयांश म्हणजे एक द्वितीयांश; तो उलटा केला की दोन. रोध दोन ओहम. बारा भागिले दोन, धारा सहा अँपिअर. संपले.

मंडळाने तपासनिसांना दिलेल्या नमुना उत्तरात मात्र रोध नऊ ओहम होता आणि धारा जेमतेम सव्वा अँपिअरच्या वर.

प्रश्न काढणाऱ्याने मुळात ‘एकसर’ असा शब्द घातला होता आणि त्याचे उत्तर नऊ हे रास्तच होते. मग कुणाच्या तरी लक्षात आले की हाच प्रश्न आदल्या वर्षी येऊन गेला आहे. प्रश्न विभागाने ‘एकसर’ खोडून ‘समांतर’ केले. उत्तर विभागाला हे सांगता येत नव्हते, कारण गोपनीयतेच्या नियमानुसार दोन्ही विभागांत बोलणे बंद होते. शिवाय आकडे तेच राहिले असताना उत्तर का बदलावे, असा प्रश्न कुणी विचारला असता तर त्याला उत्तर देणारे मंडळात कुणी नव्हते.

ही चूक पहिल्यांदा दिसली मास्तरांना. मास्तर एका शाळेत पदार्थविज्ञान शिकवत. बारीक अंगकाठी, पुढे झुकलेली मान, आणि चूक दिसली की घशात काटा अडकल्यासारखा चेहरा. दुकानाच्या पाटीवरचा चुकलेला ऱ्हस्वदीर्घसुद्धा त्यांना दिवसभर सलत असे; पण ते बोलून दाखवण्याची हिंमत त्यांना वर्गाबाहेर कधी झाली नव्हती. तपासणी केंद्राच्या थंडगार हॉलमध्ये मफलर गुंडाळून ते उत्तरपत्रिका तपासायला बसले आणि पहिल्याच मुलाने ‘दोन’ लिहिलेले पाहून बरोबरची खूण करायला गेले. तेवढ्यात नमुना उत्तराकडे नजर गेली आणि लाल पेन हवेतच थांबले.

ते उठून मुख्य परीक्षक बाईंकडे गेले. बाईंनी चष्मा वर केला, प्रश्न वाचला, उत्तर वाचले, बोटांवर काहीतरी केले आणि चष्मा खाली घेतला.

“उत्तर चूक आहे, हे मलाही दिसतंय, मास्तर. पण ते मंजूर आहे.”

“मग आपण करायचं काय?”

“नुसतं चूक असतं तर दुरुस्त केलं असतं. मंजूर असलेल्याला हात कोण लावणार? दोन लिहिणाऱ्याला शून्य द्या आणि हात चालवा. जेवायच्या सुट्टीआधी गठ्ठा संपायला हवा.”

मास्तर जागेवर परतले, पण त्यांचा हात चालेना. बरोबर उत्तरावर शून्य काढायला गेले की बोटे आखडायची. शेवटी त्यांनी गठ्ठा बाजूला सारला आणि हाताची घडी घालून बसून राहिले. त्या हॉलच्या इतिहासात असे कधी झाले नव्हते. शिपायाने येऊन त्यांना बरे नाही का, अशी चौकशी केली. दुपारी त्यांना नियंत्रकसाहेबांनी बोलावल्याचा निरोप आला.

नियंत्रकसाहेब हा मृदू माणूस होता. टेबलाखाली हीटर, हीटरसमोर पाय, आणि ओठांवर कुणालाही नाही न म्हणणारे हसू. त्यांनी मास्तरांचे सगळे म्हणणे, त्या षष्ठांश-तृतीयांशासकट, शांतपणे ऐकून घेतले. मग मुलांनी काय लिहिले आहे, एवढेच विचारले. मास्तरांना खोटे बोलता येत नसल्यामुळे त्यांनी सांगितले की बहुतेकांनी नऊच लिहिले आहे. दोन आकडे दिसले की बेरीज करायची, ही मुलांची जुनी सवय.

“म्हणजे बहुसंख्य विद्यार्थी मंडळाशी सहमत आहेत,” साहेब म्हणाले. उत्तर बदलले तर या बहुसंख्यांचा निकाल कोसळेल, आणि मंडळाच्या निकालाचा टक्का आजवर कधी खाली आलेला नाही, हे त्यांनी दुःखाने निदर्शनास आणून दिले. मास्तरांचा चेहरा पडला. तेव्हा साहेब उठले, टेबलाला वळसा घालून आले आणि त्यांनी मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला.

“तुमचं बरोबर आहे, मास्तर. म्हणूनच तुमच्यासारखी माणसं मंडळाच्या बाहेर असून चालणार नाहीत.”

अशा रीतीने समांतर जोडणीचा सर्वांगीण विचार करण्यासाठी समिती नेमली गेली आणि मास्तर तिचे सदस्य-सचिव झाले.

घरी ही बातमी ऐकून मास्तरांच्या बायकोने त्यांच्या ताटात न मागता आणखी वाढले. ती दवाखान्यात नर्स होती. दिवसभर डॉक्टरांच्या चुका निस्तरायच्या आणि त्यांनाच सर म्हणायचे, यात तिची हयात गेली होती. मास्तरांनी तत्त्वाचा प्रश्न काढला तेव्हा तिने तो फार वेळ चालू दिला नाही. आजवर तुम्ही दोन-दोन म्हणत आलात, कुणी बसायला खुर्ची दिली का, असे तिने विचारले. त्यांची मुलगी मात्र जेवता जेवता थांबली होती. ती पुढच्या वर्षी याच परीक्षेला बसणार होती, आणि घराच्या दारावरची घंटा तिने स्वतः जोडलेली होती.

“पण बाबा, दोनच आहे ना? समिती कशाला?”

“दोनच आहे,” मास्तर म्हणाले. “तेच समितीकडून म्हणवून घ्यायचं आहे.”

मुलगी परीक्षेला बसणार असल्यामुळे नियमाप्रमाणे मास्तरांना पुढच्या वर्षी पेपर तपासता येणार नव्हते. परीक्षेत बरोबर काय धरायचे, हे ठरवायला मात्र नियमाची आडकाठी नव्हती.

समितीचे अध्यक्ष निवृत्त अधिकारी होते. आयुष्यभर त्यांनी वेगवेगळी खाती सांभाळली होती आणि कुठल्याच विषयाची माहिती नसल्यामुळे ते कुठल्याच बाजूचे नाहीत, याबद्दल सर्वांचे एकमत होते. पहिल्याच बैठकीत मास्तरांनी शाळेतून आणलेली बॅटरी, दोन रोध, वायरी आणि मीटर टेबलावर मांडले. जोडणी केली. काटा सहावर जाऊन स्थिर उभा राहिला. सर्व सदस्यांनी वाकून पाहिले. एकाने काट्याला टिचकी मारली. काटा थरथरला आणि परत सहावर आला. अध्यक्षांनी हे मीटर मंडळाने मंजूर केलेल्या उपकरणांपैकी आहे का, असे विचारले. मास्तर म्हणाले, शाळेचे आहे. तेव्हा काट्याने दाखवलेले ‘सहा’ हे शाळेचे मत म्हणून नोंदवण्यात आले.

मग अध्यक्षांनी खुर्चीत मागे रेलून मुद्द्याला हात घातला. रोध म्हणजे अडवणारा, बरोबर? एक माणूस अडवायला उभा आहे. मदतीला दुसरा आला. तर अडवणूक वाढेल की कमी होईल?

मास्तर म्हणाले, “दुसरा त्याच वाटेवर उभा राहिला तर वाढेल. पण इथं वाटच दुसरी आहे. आपल्या कार्यालयात एका खिडकीवर रांग लागली, म्हणून शेजारी दुसरी खिडकी उघडली, तर लोक लवकर सुटतील की नाही? तसंच आहे हे.”

सदस्य एकमेकांकडे बघू लागले.

“मास्तर,” अध्यक्ष सौम्यपणे म्हणाले, “खाली दुसरी खिडकी उघडली आहे. तुम्ही तिथं कधी गेला आहात का?”

मास्तर गेले होते. समितीच्या ओळखपत्रासाठी त्याच सकाळी गेले होते. पहिल्या खिडकीने त्यांना दुसरीवर पाठवले, दुसरीने शिक्का आणायला तिसरीवर, आणि तिसरीने, पहिलीवरून सुरुवात का केली नाहीत, असे विचारून परत पहिलीवर. खिडक्या शेजारी शेजारी, समांतर होत्या. अडवणुकीची चोख बेरीज झाली होती. अनुभवाशी ताडून पाहिल्यावर नऊच बरोबर ठरत होते.

तरीही त्यांनी धीर सोडला नाही. अहवाल लिहायचे काम त्यांच्याकडेच होते आणि त्यांना एक युक्ती सुचली. पहिल्या भागात त्यांनी लिहिले की परीक्षेच्या दृष्टीने सहा आणि तीन ओहमचा ‘मंजूर रोध’ नऊ ओहम समजण्यात यावा. दुसऱ्या भागात लिहिले की ‘प्रत्यक्ष रोध’ मात्र दोन ओहम असतो, आणि प्रत्यक्ष कामात तोच धरावा. सत्य जिवंत ठेवून नोकरी सांभाळण्याचा हा मार्ग त्यांना इतका आवडला की घरी येऊन त्यांनी ते दोन्ही शब्द बायकोला म्हणून दाखवले. खाली ऐटीत सही केली. अहवाल छापताना पाने जास्त होत असल्यामुळे दुसरा भाग गाळण्यात आला.

मास्तर मंडळातच बदलीवर आले. त्यांना खोली मिळाली, दारावर पाटी मिळाली, आणि जो माणूस पूर्वी त्यांना बरे नाही का म्हणून विचारायला आला होता तो आता दार उघडून धरू लागला. पाठ्यपुस्तकात ‘मंजूर रोधा’ची चौकट आली. कोचिंग क्लासच्या मालकांनी ‘परीक्षेत नऊ’ हे सूत्र चालीवर बसवले. परीक्षा जवळ आली तेव्हा मुलीने एका संध्याकाळी पुस्तक मिटून सरळच विचारले, पेपरात काय लिहू?

मास्तरांनी बायकोकडे पाहिले. बायकोने मास्तरांकडे पाहिले.

“नऊ लिही,” मास्तर म्हणाले.

“आणि खरं?”

“खरं दोन. ते लक्षात ठेव. लिहू नकोस.”

मुलीने मान डोलावली. मास्तरांना त्या रात्री नेहमीसारखी झोप लागली. हे त्यांना सकाळी जरा विचित्र वाटले, एवढेच.

परीक्षा झाली. त्या वर्षी दोन लिहिणारा एकही विद्यार्थी निघाला नाही. निकालाचा टक्का असा वर गेला की नियंत्रकसाहेबांनी हीटरजवळचे पाय काढून उभ्याने सर्वांचे अभिनंदन केले.

इथवर कुणाचे काही बिघडले नव्हते. पण मंडळात एक हिशेब अधिकारी होते आणि त्यांना अहवाल वाचण्याची सवय होती. त्यांनी मास्तरांचा अहवाल वाचला आणि त्यातून जो निष्कर्ष निघतो तो काढला. समांतर जोडणीत जितके रोध वाढवावेत तितका एकूण रोध वाढतो. रोध वाढला की धारा कमी होते. इमारतीतली सगळी उपकरणे समांतरच जोडलेली असतात. म्हणजे जितकी उपकरणे जास्त लावू, तितकी वीज कमी लागेल. आजवर लोकांना दिवे बंद करायला सांगून मंडळ विजेची उधळपट्टी करत होते, हे ध्यानात येऊन त्यांना घाम फुटला.

दुसऱ्याच दिवशी परिपत्रक निघाले : वीजबचतीसाठी प्रत्येक खोलीत एकाच जोडावर, म्हणजे एकाच फ्यूजखाली, किमान चार हीटर चालू ठेवावेत. विनाकारण हीटर बंद करणाऱ्यावर कारवाई होईल.

कडाक्याच्या थंडीत निघालेले हे परिपत्रक कर्मचाऱ्यांनी ज्या तत्परतेने पाळले, तसे मंडळाचे कोणतेच परिपत्रक आजवर पाळले गेले नव्हते. ज्यांना हीटर मिळाले नाहीत त्यांनी घरून आणले. एकीने इस्त्री आणली आणि बचतीला हातभार म्हणून ती दिवसभर तापत ठेवली. दुपारपर्यंत फ्यूज उडाला. वायरमनने नवा घातला. तोही उडाला. इमारतीची देखभाल पाहणारे साहेब स्वतः आले आणि त्यांनी हिशेब मांडला : एक हीटर नऊ अँपिअर घेतो, चार हीटरचा रोध चौपट, म्हणजे धारा पाव, म्हणजे सव्वादोन अँपिअर. फ्यूज पंधरा अँपिअरचा. सव्वादोनला जो फ्यूज उडतो तो सदोष आहे. असे बरेच सदोष फ्यूज बदलून झाल्यावर वायरमनने कंटाळून फ्यूजच्या जागी तांब्याची जाड तार पिळून बसवली.

“आता नाही उडणार,” तो हात झाडत म्हणाला. “उडायला काही ठेवलंच नाही मी.”

मास्तर त्या वेळी व्हरांड्यातून चालले होते. त्यांनी सहज भिंतीला हात टेकला आणि चटकन काढून घेतला. भिंत कोमट होती. त्यांच्या डोक्यात खरा हिशेब आपोआप झाला : चार हीटर, चार वाटा, नऊ चोक छत्तीस अँपिअर; आणि वायर पंधराची. ते जवळजवळ धावतच नियंत्रकसाहेबांकडे गेले. साहेबांनी नेहमीप्रमाणे सगळे ऐकून घेतले, मग खणातून अहवाल काढून त्यांच्यासमोर ठेवला आणि खालची सही कुणाची, असे प्रेमाने विचारले.

“माझीच आहे,” मास्तर म्हणाले. “पण साहेब, ते परीक्षेपुरतं होतं.”

“असं कुठं लिहिलंय?”

“दुसऱ्या भागात.”

साहेबांनी पाने उलटून दाखवली. दुसरा भाग नव्हता. मग त्यांनी मास्तरांना पाणी मागवले आणि सल्ला दिला की माणसाने वर्षभरात एवढे मत बदलू नये, लोकांचा विश्वास उडतो.

मास्तर खोलीत परतले आणि त्यांनी आपल्यापुरते तीन हीटर गुपचूप काढून टाकले. थोड्या वेळाने शिपाई आला, त्याने तिन्ही परत लावले, आणि साहेब, या वेळी वर कळवत नाही, असे म्हणून दार ओढून घेतले. मास्तर त्या चार हीटरच्या मधोमध बसले. त्यांना दरदरून घाम येत होता. राजीनामा द्यावा असे त्यांच्या मनात आले, आणि मुलीच्या कॉलेजप्रवेशापर्यंत थांबावे असेही आले. दोन्ही विचार एकाच वेळी आले. पण मास्तरांनी ते एकामागे एक लावले आणि राजीनाम्याचा नंबर नंतर ठेवला.

गुणवंतांच्या सत्काराचा दिवस उजाडला. मंडळाच्या सभागृहात भिंतीच्या कडेने हीटर ओळीने मांडले होते आणि बाहेर थंडीने काकडत आलेले पालक आत शिरताच स्वेटर काढत होते. मास्तरांच्या मुलीला विज्ञानात पैकीच्या पैकी मार्क मिळाले होते. तिची आई पहिल्या रांगेत, परीटघडीच्या कपड्यांत, ताठ बसली होती. मास्तर व्यासपीठावर होते, कारण बक्षिसांआधी समांतर जोडणीबद्दल चार शब्द त्यांनीच बोलायचे होते.

ते माइकपुढे उभे राहिले आणि त्यांना रबर जळाल्याचा वास आला.

वास त्यांच्या मुलीलाही आला होता. ती जागेवरून उठली, भिंतीपाशी गेली आणि जवळच्या हीटरचा प्लग ओढून काढला. तो मऊ पडून वायरीपासून सुटला आणि तिच्या मुठीत आला. ती दुसऱ्याकडे वळली तोच सुरक्षारक्षकाने तिचा हात धरला. मुलांच्या मागे बसलेल्या पालकांनी कुजबुज सुरू केली. तिने हलक्या आवाजात सांगितले की लोड फार झाला आहे, हीटर कमी केले पाहिजेत.

“कमी केलेस तर करंट वाढेल ना, पोरी,” रक्षक कळवळून म्हणाला. “एवढे लोक बसलेत. कुणाच्या जिवाशी खेळू नये.” आणि तिच्या हातातला प्लग परत लावायला तो ओढू लागला; तिने मूठ सोडली नाही. मागून एका पालकाने त्याला शाबासकी दिली आणि हल्लीच्या हुशार मुलांना पुस्तकातली साधी चौकट पाठ नसते, याबद्दल खेद व्यक्त केला. त्याच चौकटीबद्दल पैकीच्या पैकी मार्क मिळालेली ती मुलगी व्यासपीठाकडे बघू लागली.

मास्तरांना बरेच बोलायचे होते. अहवाल खोटा आहे, दुसरा भाग गाळला आहे, आणि पहिला भाग लिहिणारा मीच आहे, हे सगळे त्यांच्या घशापर्यंत आले आणि एकदम बाहेर पडू पाहणाऱ्या गर्दीसारखे तिथेच अडकले. शेवटी कसेबसे दोनच शब्द सुटले.

“थांबा,” ते माइकवर म्हणाले. “दोन...”

आणि फाटकन आवाज होऊन सगळे दिवे गेले.

ऐकणारे शिस्तीचे लोक होते. माइकवरच्या साहेबांनी दोन मिनिटे थांबायला सांगितले, असे समजून सगळे सभागृह अंधारात, वाढत्या धुरात, आपापल्या जागी निमूट बसून राहिले. काहींनी खोकताना तोंडावर रुमाल धरला, कारण कार्यक्रम चालू होता. मागे स्विचबोर्डातून ज्वाळा निघाली, ती पडद्याला लागली, तरी कुणी उठेना. अखेर पहिल्या रांगेतून मास्तरांची बायको उठली. वॉर्डातले पेशंट आणि त्यांचे नातेवाईक हलवण्यात तिचे आयुष्य गेले होते.

“उठा सगळे आणि बाहेर चला,” ती म्हणाली. “बॅगा राहू द्या.”

तिच्या आवाजाला मंजुरी होती की नाही हे कुणी विचारले नाही. लोक उठले. खोकत, ठेचकाळत, एकमेकांना ढकलत सगळे अंगणात आले. अग्निशामक दलाने आग विझवली. सभागृह, व्यासपीठ आणि बक्षिसांचे टेबल जळाले. माणसाला ओरखडाही आला नाही.

अंगणात भिंतीच्या कडेला मुलगी उभी होती. तिच्या हातात तो वितळलेला प्लग अजून होता. मास्तर तिच्याजवळ जाऊन उभे राहिले. दोघेही धुराकडे बघत होते.

“बाबा, ‘दोन’च्या पुढं काय म्हणणार होतात?”

“ओहम,” मास्तर म्हणाले.

ती हसली, पण डोळे पुसत हसली. मास्तरांना मात्र हसता आले नाही.

चौकशी समितीने आपले काम झपाट्याने उरकले. मंजूर सिद्धान्तानुसार प्रत्येक जोडावर सव्वादोन अँपिअरच धारा वाहणे अपेक्षित असताना प्रत्यक्षात छत्तीसच्या आसपास वाहिल्याचे आढळले. वरची सगळी धारा विनापरवाना इमारतीत शिरली होती. ती शिरत असताना तिला हटकण्याची जबाबदारी वायरची होती; वायर जळून गेल्यामुळे तिच्यावर कारवाई करता आली नाही. मास्तरांना त्यांच्या शाळेत परत पाठवण्यात आले. मात्र एवढ्या धुरातून बाहेर पडल्यावर नियंत्रकसाहेबांचेही मन द्रवले होते. यापुढे समांतर जोडणीत दोनच बरोबर, असे त्यांनी जाहीर केले. झालेल्या निकालाचे काय, हा प्रश्न उरला. तो पालकांवर सोपवण्यात आला : ज्यांना इच्छा असेल त्यांनी आपल्या पाल्याचा पेपर खऱ्या उत्तराप्रमाणे पुन्हा तपासून घ्यावा.

जळक्या सभागृहासमोरच्या अंगणात पालकांची सभा भरली. आग सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिली होती; काहींच्या कोटाला अजून धुराचा वास होता. साहेबांनी योजना समजावून सांगितली आणि इच्छुकांनी हात वर करावा असे आवाहन केले. कुणी हात वर करेना. एक गृहस्थ उभे राहिले. सत्याबद्दल त्यांच्या मनात नितांत आदर होता, तो त्यांनी आधी व्यक्त केला. मग म्हणाले की मुलांनी मेहनत करून नऊ लिहिले आहे. त्यांना आता शिक्षा कशाला? खरे काय ते कॉलेजात गेल्यावर कळेलच. टाळ्या पडल्या. धाकट्या भावंडांना यंदा कोणता प्रश्न येणार आहे, एवढे विचारून सभा उठली.

फेरतपासणीसाठी एकच मुलगी पुढे आली. आईने तिला हर तऱ्हेने समजावले; मास्तरांकडे, तुम्ही तरी सांगा, म्हणून पाहिले. मास्तर म्हणाले, मी सांगायचे ते मागच्या वर्षी सांगून बसलो. मुलीचे त्या प्रश्नाचे मार्क गेले, आणि तेवढ्याने इंजिनिअरिंगची जागा गेली. आई कित्येक दिवस तिच्याशी बोलली नाही. मग मुलीने तंत्रशाळेत वायरिंग शिकायला नाव घातले तेव्हा तिने एक दिवस आपली दवाखान्याची जुनी चामड्याची बॅग झटकून पुसून तिच्यापुढे ठेवली आणि पक्कड-टेस्टर यात मावेल का बघ, एवढेच म्हणाली.

बाकीची मुले यथाकाळ इंजिनिअर झाली. हुशार मुले आहेत, बोलायला चुणचुणीत. घरे, दवाखाने, शाळा, सगळीकडचे विजेचे काम आता त्यांच्याच देखरेखीखाली चालते, आणि ती कमी वायरीत करून देतात म्हणून लोकही खूश असतात.

ती मुलगी एकटीच फिरते, त्या बॅगेसह. कुठली उपकरणे एका वेळी चालतात ते विचारते, उभ्या उभ्या बेरीज-भागाकार करते आणि वायर जाड घ्यावी लागेल, वेगळी लाइन ओढावी लागेल, असे खरे ते सांगते. त्यामुळे तिला कामे फारशी मिळत नाहीत. तुमच्या स्वयंपाकघराचे काम निघाले होते तेव्हा ती येऊन गेली, आठवते का? तुम्ही तिला बसायला खुर्ची दिलीत, पाणी दिलेत, बोलता बोलता तिला मार्क किती होते तेही विचारलेत. मग दारापर्यंत पोचवायला आलात आणि म्हणालात, “बघतो. कळवतो.”

अजून तुम्ही कळवलेले नाही.